दादाची सीट

आमच्याकडे बाळाला बारशापर्यंत नवं कापड घालत नाहीत. कुणाच्या तरी धाकट्याची धुऊन धुऊन मऊ झालेली झबली, आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी, आणि आत्याकडून काकांकडे, काकांकडून मावशीकडे फिरत राहिलेला पाळणा, असा सगळा जामानिमा असतो. नवं कापड टोचतं, जुनं टोचत नाही, हा त्यातला साधा हिशोब. शिवाय ज्या घरातलं पोर दणकट निघालं, त्या घरातली झबली मुद्दाम मागून आणली जातात.

त्यामुळे बायकोला सातवा महिना लागला आणि दादाचा फोन आला की, "कार सीट विकत घेऊ नकोस रे, आमची माळ्यावर पडून आहे, घेऊन जा," तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. मी बघून ठेवलेली नवी सीट अठरा हजारांची होती. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता, हॉस्पिटलसाठी बाजूला काढलेले पैसे आणि ऑफिसमध्ये चाललेली लेऑफची कुजबुज, या सगळ्यात अठरा हजार हा आकडा मोठा होता.

दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. बाबांचं दुकान बंद पडलं त्या वर्षी माझी इंजिनिअरिंगची फी त्याने भरली होती. गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. त्याने काही दिलं आणि मी घेतलं नाही, असं कधी झालेलं नाही. रविवारी धायरीला गेलो. वहिनींनी सीट माळ्यावरून काढून, पुसून, ओट्याजवळ ठेवली होती. "भाऊजी, कव्हर तेवढं धुऊन घ्या, आमच्या कार्ट्याने त्यावर सगळं सांडलंय," म्हणाल्या. चहा झाला, पोहे झाले, सीट मागच्या सीटवर टाकून मी घरी आलो.

कव्हर धुवायचं म्हणून काढलं, तिथून गोष्ट सुरू झाली.

मी नोकरीने सॉफ्टवेअरवाला असलो तरी डिग्री मेकॅनिकलची आहे. कॅम्पस प्लेसमेंटला आयटी कंपनी आली, सगळे बसले, मीही बसलो. चार वर्षांत जे शिकलो ते गेल्या सहा-सात वर्षांत एकदाही कामाला आलेलं नाही. पण कव्हर निघालं आणि आतलं प्लॅस्टिकचं कवच दिसलं, तेव्हा पॉलिमरच्या लॅबमधली एक गोष्ट आठवली. शाळेत आपण प्लॅस्टिकची पट्टी वाकवायचो. ती मोडायच्या आधी वाकल्या जागी एक पांढरी रेघ उमटायची, आणि पट्टी परत सरळ केली तरी रेघ जायची नाही. प्लॅस्टिकवर सोसण्यापलीकडचा ताण आल्याची ती खूण असते. दादाच्या सीटच्या खालच्या बाजूला, गाडीचा बेल्ट जिथून ओवतात त्या खाचेच्या कडेला, बोटाएवढी तशीच पांढरी रेघ होती. डोक्याच्या बाजूचा थर्माकोल एका जागी दबून चपटा झाला होता.

सीट उलटी केली. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बऱ्याचदा घड्याळासारखा एक छोटा गोल उमटवलेला असतो. कडेला एक ते बारा आकडे, मध्ये वर्ष आणि एक बाण. बाण ज्या आकड्याकडे असेल तो महिना. इथे वर्ष होतं २०१४. म्हणजे दादाने घेतली तेव्हाच ती काही वर्षं जुनी होती. कार सीटला मुदत असते हे मला तोवर माहीत नव्हतं. बहुतेक कंपन्या सहा ते दहा वर्षं सांगतात, आणि ती मुदत सीटवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत छापलेली असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीत हात ठेववत नाही. तसे कितीतरी उन्हाळे खाल्लेलं प्लॅस्टिक ठिसूळ होत जातं.

मग मला नवले पूल आठवला. तीन-एक वर्षांपूर्वी त्या उतारावर दादाच्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं होतं, आणि गाडी पुढच्या टेम्पोवर जाऊन आदळली होती. दादा एकटाच होता, मानेला पट्टा लागला तेवढ्यावर निभावलं. पण गाडी क्रेनने उचलून न्यावी लागली होती.

मी फोन लावला.

"दादा, नवले पुलावर झालं तेव्हा ही सीट गाडीत होती का?"

थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "होती. पण रिकामी होती. का?"

रिकामी होती तर काय बिघडलं, असं मलाही पहिल्यांदा वाटलं. मग कागदावर गणित केलं. अकरावीचंच गणित आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. धडक बसून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर वेग ज्या दराने कमी होतो तो गुरुत्वाकर्षणाच्या चौदापट. म्हणजे चार किलोची रिकामी सीटसुद्धा त्या क्षणी बेल्टला साधारण छप्पन्न किलोचा हिसका देते. तो हिसका प्लॅस्टिकच्या त्याच खाचेवर येतो, जिथे मला पांढरी रेघ दिसली होती.

हेच गणित सहा किलोच्या बाळाचं केलं तर उत्तर चौऱ्याऐंशी किलो येतं. "मी घट्ट धरीन ना मांडीवर," असं आपल्या घरातली प्रत्येक बाई म्हणते आणि मनापासून म्हणते. पण जे कधी येणार हे माहीत नाही, ते चौऱ्याऐंशी किलो कुणीच धरू शकत नाही.

पुण्यात वाढलेल्याला हे हेल्मेटवरून लगेच कळावं. हेल्मेटच्या आत असतो तो थर्माकोल एकदाच दबतो. दबताना तो धक्का खातो, म्हणून डोकं वाचतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत असलं तरी आतून संपलेलं असतं. कार सीटचंही तसंच. रस्ता सुरक्षेचं काम बघणाऱ्या एनएचटीएसए या अमेरिकी सरकारी संस्थेने यासाठी पाच प्रश्न दिले आहेत. अपघातानंतर गाडी स्वतःच्या चाकांवर चालवत नेता आली का? सीटजवळचं दार शाबूत होतं का? गाडीतल्या कुणालाच लागलं नाही ना? एअरबॅग उघडल्या नाहीत ना? सीटवर डोळ्यांना दिसेल असं काही नुकसान नाही ना? पाचही उत्तरं चांगली आली, तर तो किरकोळ अपघात, सीट वापरता येते. एकही वाईट आलं तर ती सीट संपली. आणि काही कंपन्या तर कुठल्याही अपघातानंतर सीट बदलाच म्हणतात. दादाच्या सीटची पाचपैकी तीन उत्तरं वाईट होती. मुदतीचा प्रश्न वेगळाच.

उत्तर माझ्यासमोर होतं. ते दादाला सांगायचं कसं, हे कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं.

चार दिवस मी गप्प बसलो. मग बायको म्हणाली, "तू सांगणार नसशील तर मी सांगते, पण माझं बाळ त्यात बसणार नाही." मी फोन केला. जेवढं नीट सांगता येईल तेवढं सांगितलं. प्लॅस्टिक, रेघ, मुदत. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. तुम्ही शिकलेली माणसं. आमच्या पोराला चालली, तुमच्याला नाही चालत." मग फोन ठेवला. सीट माझ्या बाल्कनीत राहिली. परत नेऊन द्यायची हिंमत झाली नाही, टाकून द्यायचीही नाही.

अठरा हजारांचा प्रश्न तसाच होता, म्हणून मी जुन्या सीटच बघत राहिलो. पण आता विचारायचं काय ते माहीत होतं. आमच्या धंद्यात जुना कोड हातात आला की आधी त्याचा गिट लॉग बघतात. कुणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे असतं. सीटला असा लॉग नसतो. तो विकणाऱ्याच्या डोक्यात असतो. म्हणून जुनी सीट घेताना आपण खरं तर समोरच्या माणसाचा शब्द विकत घेत असतो, आणि तो शब्द तपासायला हातात फार थोड्या गोष्टी असतात.

त्या गोष्टी मी फोनमध्ये लिहून ठेवल्या. सीटवरचं लेबल शाबूत हवं. युरोपातल्या प्रमाणाची सीट असेल तर नारिंगी लेबल असतं, त्यावर गोलात ई आणि देशाचा आकडा, आणि आर४४ किंवा नवं आर१२९ असा उल्लेख. आपल्याकडचं प्रमाण आहे एआयएस-०७२. मॉडेलचं नाव आणि बनवल्याची तारीख वाचता आली पाहिजे, म्हणजे मुदत कळते आणि कंपनीने ते मॉडेल परत मागवलंय का हे शोधता येतं. पुस्तिका हवी. पट्टे उसवलेले, पिळलेले नकोत. ते वॉशिंग मशीनमध्ये किंवा ब्लीचमध्ये धुतलेत का हे विचारायचं, कारण त्याने पट्ट्याची ताकद जाते. बकल एका दाबात उघडायला हवं आणि लावताना टक् असा आवाज यायला हवा. कव्हर काढून आतलं प्लॅस्टिक आणि थर्माकोल बघू द्यायला हवं. आणि शेवटचा प्रश्न, ही सीट असलेल्या गाडीला कधी अपघात झाला होता का?

हा शेवटचा प्रश्न अनोळखी माणसाला विचारणंही सोपं नाही. ॲपवरच्या एकाने "भाऊ, घ्यायची तर घ्या, चौकशी कसली करता," म्हणून ब्लॉक केलं. औंधच्या एकाच्या सीटवरचं लेबलच निघालेलं होतं, "धुताना गेलं" म्हणाला. खरंही असेल. मी घेतली नाही. एकीने सांगितलं की सीट तिला वापरलेलीच मिळाली होती, आधीचं तिला ठाऊक नाही. ती खरं बोलली म्हणून तिचे आभार मानले आणि पुढे गेलो.

शेवटी आमच्याच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सीट दिसली. तीन बिल्डिंग सोडून राहणारं जोडपं, जर्मनीतून परत आलेलं. सीट २०२१ची, आर१२९चं लेबल, बिल, पुस्तिका, मूळ खोकं. साडेपाच हजार. मी माझी यादी घेऊन गेलो. त्या घरातल्या ताईंनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर न कंटाळता दिलं. कव्हर काढायला लागलो तर स्वतः खाली बसून हुक सोडवून दिले. शेवटचा प्रश्न विचारायला मी घुटमळलो, तेव्हा त्यांनीच बाल्कनीकडे बोट केलं. तिथे एक मोठी सीट भिंतीला टेकून होती. तिचे पट्टे अर्ध्यातून कापलेले होते.

"ती मोठ्याची. तिकडे आम्हाला एकदा मागून गाडी ठोकली होती तेव्हा ती मागे होती. इकडे सामानाबरोबर उगाच आली. भंगारवाल्याला द्यायची आहे. पट्टे कापले, नाहीतर कुणीतरी उचलून वापरेल. ही धाकटीची सीट त्याच्यानंतर घेतली."

मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. जी सीट विकून चार पैसे आले असते, ती त्यांनी स्वतः कापली होती.

"पैसे आत्ता देऊ नका," त्या म्हणाल्या. "आधी तुमच्या गाडीत बसते का बघा."

हा सल्ला लाखाचा होता. माझी गाडी जुनी, तिला आयसोफिक्सच्या कड्या नाहीत, म्हणजे सीट गाडीच्या बेल्टनेच बांधायची. मागे तोंड करून बसवायच्या सीटला बेल्ट खूप लांब लागतो आणि काही गाड्यांमध्ये तो पुरतच नाही. आधी पुस्तिकेत बघितलं की ही सीट बेल्टनेही बांधता येते. मग मागे डाव्या बाजूला बसवून बघितली. बेल्ट पुरला, जेमतेम चार बोटं उरली. सीट जिथे बेल्टने बांधली जाते तिथे हाताने हलवून बघितली, इंचाच्या आत हलली. पैसे दिले.

मुलगी झाली कोल्हापूरला, माहेरी. बारशाला दादा-वहिनी आले. चांदीचे वाळे आणले. दादा माझ्याशी सगळ्यांशी बोलतो तेवढंच बोलला.

तीन महिन्यांनी दोघींना पुण्याला आणायला गेलो, तेव्हा सासूबाईंनी मागच्या सीटवर गाद्या-उशा रचून जागा तयार करून ठेवली होती. "जावईबापू, एवढ्याशा जिवाला पट्ट्यांत काय बांधता? कैदी आहे का ती? आणि ते तोंड मागे करून. तिला बाहेरचं दिसायचं कसं?" त्यांचं चुकत नव्हतं, त्यांच्या चार नातवंडांनी मांडीवर बसून महाराष्ट्र पालथा घातलाय. मी गणित सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "आई, तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने केवढं मोठं असतं बघा. उंचीच्या पाव हिस्सा. मान अजून कच्ची. जोरात ब्रेक लागला तर डोकं पुढे जाईल. तोंड मागे असलं की सगळी पाठ आणि डोकं एकदम टेकतं." सासरे म्हणाले, "आणि मागे बसलं की काही होत नाही असं समजू नका. सायरस मिस्त्रींचं काय झालं?" सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळच्या त्या अपघातात मागच्या सीटवरचे दोघे गेले होते आणि दोघांनीही बेल्ट लावले नव्हते. सासूबाई गप्प झाल्या. कायदाही आहे. २०१९च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा अशी सीट हवी, नाहीतर हजार रुपये दंड. पण आजीसमोर दंडाची पावती चालत नाही.

दुपट्याचं मात्र ठरवून टाकलं. बाळाला दुपट्यात गुंडाळून वरून पट्टे लावले तर ते सैल राहतात. म्हणून आधी साध्या झबल्यावर पट्टे लावले, खांद्याजवळ पट्टा चिमटीत पकडून बघितला. चिमटीत येत नाही एवढा घट्ट केला. मग सासूबाईंनी त्यांच्या लुगड्याचं दुपटं वरून पांघरलं. दोघांचंही समाधान झालं.

त्या मागे तिच्याशेजारी बसून पुण्यापर्यंत आल्या. तान्ह्या बाळाला सीटमध्ये एका दमात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये म्हणतात, म्हणून कऱ्हाडला थांबलो, साताऱ्यापुढे थांबलो. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडून ते एसच्या आकाराचं वळण आलं तेव्हा आरशात बघितलं. सासूबाईंचा हात सीटच्या कडेवर घट्ट होता. बाळ झोपलेलं होतं.

पंधरा दिवसांनी दादा-वहिनी घरी आले. वहिनींच्या हातात पिशवी, त्यांच्या मुलाची झबली. चहा पिताना दादा म्हणाला, "ती सीट पडलीच असेल ना तुझ्याकडे? ऑफिसमधल्या एका पोराला बाळ झालंय. त्याला देतो."

इथे मी गप्प बसू शकलो असतो. एकदा दुखावलं होतं, पुन्हा कशाला? पण आतून मुलीचा आवाज येत होता. दुसऱ्या कुणाचं तेवढंच बाळ माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी ड्रॉवरमधून प्लॅस्टिकची पट्टी काढली, दादासमोर वाकवली. पांढरी रेघ उमटली. मग बाल्कनीतून सीट आणली, उलटी केली, खाचेजवळची रेघ दाखवली. काही बोललो नाही.

दादाने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"त्या दिवशी त्याला ताप होता," तो म्हणाला. "म्हणून आईकडे ठेवला होता. नाहीतर मी त्याला पाळणाघरात सोडायला चाललो होतो. याच्यातून."

वहिनींनी कप खाली ठेवला. ही गोष्ट त्यांना माहीत होती, आम्हाला नव्हती.

"मी कधी उलटी करून बघितलीच नाही," दादा म्हणाला. "काही झालं नाही म्हणालो की काही झालं नाही."

स्वयंपाकघरातल्या कात्रीने पट्टे कापले जाईनात. ते मोठा हिसका झेलायला केलेले असतात. मग पाव कापायची सुरी आणली. मी पट्टा ताणून धरला आणि दादाने कापला. पाचही पट्टे. पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अपघातातली. वापरू नये.'

भंगारवाला खाली आला तेव्हा त्याने सीट उचलून बघितली आणि म्हणाला, "साहेब, चांगली आहे की. पट्टे शिवून घेतले तर कुणी पण वापरेल."

मी काही म्हणायच्या आत दादाच बोलला. "नाही. अपघात झालाय तिला. फोडून टाक."